गुन्ह्याचा दाखला

मेलबर्नला येऊन आम्हाला आठ वर्षं होत आली तेव्हा नवऱ्याने ठरवलं, आता नागरिकत्वाचा अर्ज टाकायचा. तो मूळचा नांदेडचा, इथल्या इस्पितळात एक्स-रे काढतो. मी चाकूरची. इथल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही माझा अर्ज भरायला घेतला. तो टाइप करत होता आणि मी पासपोर्टावरचे आकडे वाचून दाखवत होते.

मधेच एक प्रश्न आला. कोणत्याही देशात, कधीही, न्यायालयाने तुम्हाला दोषी ठरवलं आहे का? वाहतुकीचे गुन्हे धरून.

नवऱ्याने मला न विचारताच 'नाही' केलं आणि पुढच्या प्रश्नावर गेला.

"मागे जा," मी म्हटलं. "तिथं 'हो' कर."

तो माझ्याकडे बघतच राहिला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि ही गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. लपवली म्हणून नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. कुणी चुलीपाशी भाजलेल्या बोटाची गोष्ट लग्नात सांगतं का?

झालं होतं ते असं. भूकंप झाला त्या साली मी लातूरला बी.एस्सी. संपवून एका खासगी शिकवणीत रसायनशास्त्र शिकवत होते. शिकवण्यांचं पेव नुकतंच फुटत होतं. देगलूर, अहमदपूर, देवणी, कुठून कुठून पोरं येत आणि एका खोलीत सहा-सहा जण राहत. भूकंपानंतर मात्र स्लॅबखाली बसायला कुणी तयार होईना. आमच्या सरांनी मोकळ्या प्लॉटवर पत्र्याचं शेड उभं केलं आणि जाहिरातीत ठळक अक्षरात 'पत्र्याचे छत' असं छापलं, तेव्हा कुठे पालक पोरांना पाठवायला लागले. पत्र्यावर माकड उडी मारायचं आणि अख्खा वर्ग दप्तरं टाकून बाहेर पळायचा.

त्या वर्गात किल्लारीकडची एक मुलगी होती. भूकंपात तिचे वडील आणि दोन भावंडं गेली होती. आई कशीबशी वाचली होती आणि मुलगी लातूरला मामाकडे राहत होती. ती फारसं बोलत नसे, पण गणितं झरझर सोडवायची. बारावीच्या पहिल्या पेपरला मी तिच्या केंद्रावर गेले होते. आमची बरीच मुलं त्याच केंद्रावर होती. पेपरला पाऊण तास उरला असताना ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, हॉल तिकीट घरीच राहिलं."

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची लुना माझ्याकडे होती. लायसन नव्हतं. तेव्हा लातुरात लुना चालवायला लायसन लागतं हेच निम्म्या गावाला माहीत नव्हतं. तिला मागे बसवलं, मामाच्या घरी नेलं, हॉल तिकीट घेतलं आणि परत निघाले. गोलाईत, म्हणजे लातूरच्या गोल बाजारचौकात, गर्दी होती. फेरा मारून जायचं तर पाच-सात मिनिटं गेली असती, म्हणून मी उलट्या बाजूने घुसले. समोरून एक म्हातारे दूधवाले सायकलवर येत होते. मी ब्रेक दाबला, पण लुनाचे ब्रेक ते, लुनासारखेच. म्हातारे पडले, कॅन उलटला आणि गोलाईत दुधाचा ओघळ वाहायला लागला.

त्यांचा गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. ते उठून उभे राहिले आणि आधी मुलीकडेच बघून म्हणाले, "लेकरू रडायलंय कामून? लागलं का?" मी सांगितलं, पेपर आहे. ते हवालदाराला म्हणाले, "सोडा हो सायब. दूध काय, उद्या म्हैस आनखी दील."

हवालदाराने मुलीला रिक्षात बसवून केंद्रावर पाठवलं. मला मात्र सोडलं नाही. लायसन नाही, उलट्या दिशेने आलात, माणूस पाडलात. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. चौकीत नाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि वडिलांचं नाव विचारल्यावर माझी जीभ अडखळली.

माझे वडील, आप्पा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आमच्या घरात कोर्टाची पायरी कुणी चढलेली नव्हती. मुलीला एकटीला लातुरात ठेवलं म्हणून भावकीने त्यांना कमी ऐकवलं नव्हतं. आणि मास्तरांचं नाव तालुक्यात कुणाला माहीत नाही! चौकीतला एखादा चाकूरकडचा निघाला तर संध्याकाळी एस.टी.ने बातमी घरी. म्हणून मी माझ्या धाकट्या काकांचं नाव सांगितलं. काका भूकंपाच्या तीन-चार वर्षं आधीच वारले होते. मेलेल्या माणसाला विचारायला कोण जाणार, असा बावीस वर्षांच्या डोक्याने हिशेब केला.

दुपारी कोर्टात उभं केलं. न्यायाधीशांनी वर न बघता विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" मी म्हटलं, "कबूल आहे." दंड भरला, पावती घेतली, पावती लुनाच्या मालकिणीला दाखवली, ती हसली आणि गोष्ट संपली. मुलगी पास झाली, नर्सिंगला गेली. पुढे तिचा पत्ता राहिला नाही.

हे सगळं ऐकून नवरा म्हणाला, "पंचवीस वर्षांपूर्वीचं लुनाचं प्रकरण? कोण बघतंय? सोडून दे."

"खाली लिहिलंय, खोटी माहिती दिली तर तोच गुन्हा."

"पण आपण इथं यायच्या व्हिसाच्या वेळी हाच प्रश्न होता. मी तुझ्या अर्जात 'नाही' लिहिलंय."

"मला विचारलं होतंस?"

"तुला काय विचारायचं त्यात? तू काय दरोडे घालायचीस, मला काय माहीत!"

त्या दिवशी आमचं जे भांडण झालं ते पुढे आठवडाभर चाललं. मी 'हो' म्हटलं की त्याचं 'नाही' खोटं पडत होतं. मी 'नाही' म्हटलं की मी जाणूनबुजून खोटं बोलत होते. त्याचं निदान अजाणता होतं. शेवटी एका सल्लागार बाईंकडे गेलो. अशा अर्जांचं काम करण्याचा त्यांना परवाना होता. त्यांनी शांतपणे सांगितलं, खरं ते लिहा, आधीचं चुकून झालं असं नवऱ्याने वेगळ्या पत्रात लिहावं, किरकोळ गोष्ट आहे. 'किरकोळ' हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला की मीही त्यावर विश्वास ठेवला.

मग भारतातल्या पोलिसांचा दाखला मागितला गेला. तो वकिलातीमार्फत काढायचा. पासपोर्टावर पत्ता नांदेडचा, त्यामुळे चौकशीला शिपाई नांदेडला सासूबाईंकडे गेला. सासूबाईंनी त्याला चहा पाजला आणि माझ्याविषयी असं काही सांगितलं की दाखला अगदी धुतल्या तांदळासारखा आला. सदर महिलेविरुद्ध कोणतीही नोंद नाही. नांदेडच्या ठाण्यात लातूरच्या लुनाची नोंद असणार तरी कशी?

दोन महिन्यांनी इथल्या नागरिकत्वाच्या खात्याचं पत्र आलं. तुम्ही म्हणता तुम्ही दोषी आहात, तुमचे पोलिस म्हणतात तुम्ही निर्दोष आहात. तरी न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत पाठवावी. तेवढ्यात नवऱ्याचा अर्ज मंजूर झाला. त्याच्या समारंभाला मी पाहुण्यांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर भांडी मात्र जरा जोरात घासली.

डिसेंबरात मी एकटीच लातूरला आले. धाकटा भाऊ लातुरातच असतो, शिकवण्यांच्या पोरांसाठी खानावळ चालवतो. गाव ओळखू येईना. जिथे आमचं पत्र्याचं शेड होतं तिथे पाच मजली इमारत, आणि तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत पोरांचे फोटो. भूकंपाच्या भीतीने पत्र्याखाली बसलेली पोरं आता बाप होऊन आपल्या पोरांना लिफ्टने पाचव्या मजल्यावर शिकायला पाठवत होती.

भाऊ मला कोर्टात घेऊन गेला. नक्कल विभागाच्या खिडकीत एक चष्मेवाले कारकून बसले होते.

"केस नंबर?"

"माहीत नाही."

"तारीख?"

"भूकंपानंतरची पहिली बारावी. पहिला पेपर होता त्या दिवशी."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, हे कोर्ट हाय. इथं भूकंपावरनं फाईल निघत न्हाई."

"पण मला त्या निकालाची नक्कल पाहिजे. कुठून मिळेल?"

"कशाला पाहिजे?"

मी सांगितलं. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली. "अहो, इकडं या. आजवर लोक गुन्हा न्हाई म्हणून कागद मागायला आले. ह्या गुन्हा हाय म्हणून मागायल्यात."

तिघेही मनापासून हसले. भाऊही हसला. मी हसले नाही.

मग कळलं की असली किरकोळ प्रकरणं काही वर्षांनी नष्ट करतात. बरं, मी म्हटलं, मग फाईल नष्ट झाली एवढं तरी लिहून द्या. तर म्हणे, नष्ट झाली असं लिहायला आधी ती होती हे कळायला नको का? मी म्हटलं, होती म्हणून तर मी आलेय. ते म्हणाले, होती ह्याचा कागद आणा, नष्ट झाल्याचा कागद देतो.

बाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसलेले एक वकील आमचं बोलणं ऐकत होते. त्यांनी मला खुर्ची दिली. "ताई, एक सोपा मार्ग सांगू का? भावाची गाडी घ्या, हेल्मेट काढा, उलट्या दिशेनं एक चक्कर मारा. संध्याकाळपर्यंत ताजा निकाल हातात."

"मला जुनाच पाहिजे," मी म्हटलं. माझा आवाज बहुतेक फाटला असावा, कारण ते एकदम गंभीर झाले आणि कागद ओढून अर्ज टाइप करायला लागले. फायली जातात पण नोंदवह्या राहतात, त्या शोधायचा अर्ज करू, असं त्यांनी सुचवलं.

त्यानंतर मी नऊ दिवस कोर्टात गेले. पहिल्या दिवशी साहेब रजेवर. दुसऱ्या दिवशी अर्जावर शिक्का चुकीचा. तिसऱ्या दिवशी शिक्का बरोबर, पण अभिलेख कक्षाची किल्ली असलेल्या बाई मुलीच्या लग्नाला उदगीरला. रोज भाऊ खानावळीतून निघताना विचारायचा, "अक्का, आज दोषी ठरशील का?" पहिल्यांदा गंमत वाटली. पाचव्या दिवशी मी त्याच्या अंगावर ओरडले. तो म्हणाला, "अगं, तुझ्यासाठीच बेजार होऊन राहिलोय ना मी बी." खरंच होतं. त्याची दुपारची पंगत रोज माझ्यापायी खोळंबत होती.

नवव्या दिवशी त्या किल्लीवाल्या बाईंनी एक जाडजूड नोंदवही टेबलावर आदळली. धूळ उडाली. कडेला वाळवीने खाल्लेलं होतं, पण मधलं शाबूत होतं. त्या बोट फिरवत फिरवत आल्या आणि थांबल्या. तारीख, कलम, माझं नाव, गुन्हा कबूल, दंड भरला. एक ओळ.

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हातच धरला. मग त्यांनी माझा पासपोर्ट बघितला, परत वही बघितली.

"बापाचं नाव वेगळं हाय की ओ."

इतके दिवस मी हे विसरून गेले होते असं म्हटलं तर कुणाला पटणार नाही, पण खरंच विसरले होते. लुना लक्षात होती, दूध लक्षात होतं, न्यायाधीशांची मान लक्षात होती. खोटं नाव मनाने कुठेतरी पुरून टाकलं होतं.

वकील म्हणाले, "नक्कल मिळंल. पण ती बाई म्हणजे तुम्हीच, हे सांगणारं प्रतिज्ञापत्र लागंल. तुमचं चालणार न्हाई. वडिलांचं पाहिजे. हायत ना वडील?"

होते. चाकूरला, ऐंशी उलटलेले, निवृत्तीनंतर शेती बघणारे. त्या संध्याकाळी भाऊ आणि मी चाकूरला गेलो. वाटेत भाऊ म्हणाला, "मी बोलू का?" मी म्हटलं, नको.

आप्पा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. मी समोर बसून सगळं सांगितलं. हॉल तिकीट, गोलाई, म्हातारे, कोर्ट. त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. मग मी कोर्टातून निघता निघता मिळालेला नकलेचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं, आणि काकांच्या नावावर बोट ठेवून थांबले.

"बाप बी बदललीस?"

"आप्पा, तुम्हाला कळू नये म्हणून..."

"त्यो गेला तवा तू बारावीत होतीस. तुझ्या फीसाठी त्यानं रेडकू इकलं हुतं. त्येच्या नावावर गुन्हा टाकलीस?"

ते कागदाकडे बघतच पुढे म्हणाले, "पंचवीस वर्षं मला सांगितलं न्हाईस. आन त्या परमुलखाच्या सरकारला एका रेघंत सांगून मोकळी झालीस."

"त्यांनी विचारलं, आप्पा. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

हे बोलायला नको होतं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "बाप असं इचारत असतो व्हय, बाई? तुला कोर्टात नेलतं का म्हणून?"

त्या संध्याकाळी ते आईचा फोटो होता त्या भिंतीकडे तोंड करून जेवले. मी भावाला म्हटलं, जाऊ दे, मला नको ते नागरिकत्व. आणि मला खरंच तसं वाटत होतं. कंटाळले होते मी. एका प्रश्नाला खरं उत्तर दिलं म्हणून नवरा नाराज, भाऊ हैराण आणि बाप दुखावलेला. खोटं बोलणाऱ्यांचं बरं चाललेलं असतं, असं आपण ऐकतो. त्या दिवशी मी ते पाहिलं.

सकाळी उठले तर आप्पा पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर बसलेले. "भावाला उठीव," एवढंच म्हणाले. भावाने मोटार आणली होती, पण ते एस.टी.नेच आले. मोटारीत त्यांना मळमळतं.

लिंबाखाली वकिलांनी मजकूर टाइप केला आणि वाचून दाखवला. सदर नोंदीतील महिला ही माझी सख्खी मुलगी असून, नोंदीत नमूद केलेले वडिलांचे नाव हे माझ्या मयत धाकट्या भावाचे आहे. मग नोटरींनी रीतीप्रमाणे विचारलं, "बाबा, ही मुलगी तुमचीच ना?"

आप्पा म्हणाले, "आजपत्तुर तरी हाय."

नोटरींना हसू आलं. आप्पांना आलं नाही. त्यांनी पेन घेतलं आणि मास्तरांच्या वळणदार अक्षरात सही केली. मग स्वतःहून खाली तारीख घातली. कोर्टाच्या फाटकाबाहेर आल्यावर ते थांबले. मला वाटलं दम लागला. ते म्हणाले, "त्या म्हाताऱ्याच्या दुधाचे पैसे दिलतीस का?"

"दिले होते, आप्पा. दुसऱ्याच दिवशी शोधत गेले."

"बरं केलीस," ते म्हणाले आणि बसस्टँडच्या दिशेने चालायला लागले. तो आमचा समेट होता. त्यापेक्षा जास्त त्यांनी कधी कुणाशी केला नाही.

मेलबर्नला परतल्यावर मी नक्कल, तिचं भाषांतर, आप्पांचं प्रतिज्ञापत्र, त्याचं भाषांतर, नवऱ्याचं माफीचं पत्र, सगळं पाठवलं. आणखी चार महिने गेले. मग मुलाखतीला बोलावलं. समोर माझ्याच वयाची एक बाई होती. तिने कागद चाळले.

"कसली गाडी होती?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिला कळेना म्हणून मी हाताने पायडल मारून दाखवलं. पायडल मारून सुरू करायची गाडी.

"आणि वडिलांचं नाव खोटं का दिलं?"

"त्यांना कळू नये म्हणून."

"मग आता कळलं का?"

"त्यांनीच सही केलीय."

तिने प्रतिज्ञापत्र परत एकदा बघितलं, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या कागदाकडे वळली. एवढंच. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. वर्षभराचं वैताग-पुराण, नऊ दिवस कोर्ट, ऐंशी वर्षांच्या माणसाला एस.टी.त बसवलं, आणि ती बाई पुढच्या कागदाकडे वळली! मला तिच्या टेबलावर हात आपटावासा वाटला. अहो, जरा तरी रागवा. जरा तरी विचार करा. एवढं खणून आणलंय ते बघा तरी.

मंजुरीचं पत्र ऑक्टोबरात आलं. समारंभ नगरपालिकेच्या सभागृहात होता. या वेळी नवरा पाहुण्यांच्या रांगेत. माझ्या शेजारी एक व्हिएतनामी आजोबा होते. शपथ म्हणताना त्यांचा कागद थरथरत होता, म्हणून मी माझा त्यांच्यापुढे धरला आणि आम्ही दोघांनी एकाच कागदावरून शपथ म्हटली. नंतर चहा झाला, सगळ्यांना एकेक रोप मिळालं.

बाहेर येऊन मी आप्पांना फोन लावला. मागे मळणीयंत्राचा खडखडाट ऐकू येत होता. मी ओरडून सांगितलं, "आप्पा, झालं. मिळालं."

"काय?"

"नागरिकत्व!"

"बरं," ते म्हणाले. "सोयाबीनची रास चालू हाय, धूळ लई उडायलीय. उद्या बोल." आणि फोन ठेवला.